गावदेवीचं दार आणि तरे मास्तरांची मोटर

तरे मास्तरांनी पडवीत मशीन बांधायला घेतलं, तेव्हा भिवंडीजवळच्या अख्ख्या टेमघरात फक्त दोन माणसं अस्वस्थ झाली. एक त्यांची बायको हौसा, कारण पडवी तिची होती. दुसरे शेजारचे नूर मोहम्मद, कारण पडवी त्यांना हवी होती. नूर मोहम्मदांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना मास्तरांच्या घराला भिंतीला भिंत लावून होता आणि बॉबिनची पोती ठेवायला त्यांना जागा पुरत नव्हती. त्यांनी पडवी भाड्याने मागितली होती, हौसा हो म्हणायच्या बेतात होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मास्तर खांद्यावर दोन लोखंडी अँगल घेऊन घरात शिरले.

पंढरी तरे शाळेत चित्रकला शिकवत. पेला, केळं आणि त्यांची सावली एवढ्या तीन गोष्टींवर त्यांनी आपली सगळी नोकरी काढली होती. आता त्यांना स्वतःच चित्र काढणारं यंत्र बनवायचं होतं, तेही कागदावर नाही, लाकडावर. टेबलावर फळी ठेवायची, वर गरगर फिरणारं एक पातं, त्या पात्याला पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली नेणाऱ्या तीन मोटरी, आणि मोटरींना हुकूम सोडणारा कॉम्प्युटर. परदेशात लोक असली मशीनं घरच्या घरी बांधतात हे मास्तरांनी सायबर कॅफेत वाचलं होतं. परदेशातल्या लोकांच्या पडव्या कोणी भाड्याने मागत नाही, एवढं मात्र तिथे लिहिलेलं नव्हतं.

हा उद्योग घरातच राहिला असता तर हौसाने दोन महिन्यांत तो मोडीत काढला असता. पण गावदेवीच्या देवळाच्या कमिटीची बैठक आडवी आली. देवळाचं जुनं दार वाळवीने खाल्लं होतं. कमिटीचे अध्यक्ष लडकूशेठ यांचं म्हणणं पडलं की बाहेरून तयार नक्षीदार दार आणावं. लडकूशेठ हे मास्तरांचे शाळेतले सोबती. वडपे गावातली जमीन गोडाऊनवाल्यांना दिल्यापासून ते लडक्याचे लडकूशेठ झाले होते आणि प्रत्येक वस्तू बाहेरून आणत होते. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "देवी इथली, लाकूड इथलं, दारपण इथंच कोरलं जाईल. माझ्या मशीनवर. जत्रेच्या दिवशी दार लागलेलं असेल."

त्या वेळी मशीन म्हणजे दोन अँगल आणि एक पेन्सिलीचं चित्र होतं. कमिटीने मात्र टाळ्या वाजवल्या आणि कोणीतरी देवीला दिलेल्या सागवानी फळ्या मास्तरांच्या हवाली केल्या. फळ्या दाराच्या दोन झडपांपुरत्याच होत्या, चुकायला जास्तीची एक नव्हती.

घरी हौसाने सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, "ठीक हाय. जत्रंला तुमचं दार देवलात उभं ऱ्हायलं, गावानं मान्य केलं, तर मशीन पडवीत. न्हाय तर मशीन भंगारात, आनि पडवी नूरभायला. मंग माज्याशी वाद घालायचा न्हाय."

मास्तरांनी हे मान्य केलं. न करून सांगतात कोणाला?

यापुढचा प्रश्न मोटर कोणती घ्यायची हा होता, आणि भिवंडीत मोटरीचा प्रश्न चारचौघांत काढणं म्हणजे लग्नघरात जेवण कसं झालंय असं विचारण्यासारखं आहे. इथल्या हवेत सूत उडतं आणि कानात चोवीस तास लूमची खडखड असते. इथलं शेंबडं पोरसुद्धा नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की वाइंडिंग हे सांगतं. मास्तरांनी चहाच्या टपरीवर सहज विचारलं, "स्टेपर घेऊ की सर्वो?" आणि टपरीवर दोन पक्ष पडले. स्टेपर आणि सर्वो म्हणजे काय हे दोन्ही पक्षांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं, पण त्यामुळे कोणाचा आवाज खाली आला नाही.

गोष्ट खरं तर सोपी होती. स्टेपर मोटर सांगाल तेवढी पावलं टाकते आणि पोचलो असं मानते. पोचलो का, हे ती वळून बघत नाही. सर्वो मोटरीच्या पाठीला डोळा असतो. ती पावलागणिक बघते, आणि ठरल्या जागी पोचली नाही तर बोंब मारून काम थांबवते. स्टेपर साधी, सर्वो शहाणी. मास्तरांनी सायबर कॅफेत बसून परदेशी लोकांना इंग्रजीत प्रश्न टाकला तर तिथेही टपरीच निघाली. एकाने लिहिलं, स्टेपर घेणारा मूर्ख. दुसऱ्याने लिहिलं, पहिला मूर्ख. मग त्या दोघांची जुंपली आणि मास्तरांचा प्रश्न बाजूलाच पडला.

नूर मोहम्मद सर्वो पक्षाचे होते. "मास्तर, ऐका माझं," ते म्हणाले, "मी कॉम्प्युटरवाली एम्ब्रॉयडरी मशीन बघून आलोय. सर्वो लागते त्याला. आँखवाली चीज है. अंधे को काम पे रखोगे क्या?"

मास्तर जवळजवळ सर्वोकडे झुकले होते. तेवढ्यात लडकूशेठ आपली नवी गाडी घेऊन दारात आले. "पंढरी, सर्वोच घे. तिन्ही मोटरी मी देतो. फक्त मशीनवर एक पाटी लाव. 'श्री. लडकूशेठ यांजकडून सप्रेम भेट.' मोठी नको. लांबून वाचता येईल एवढीच."

लडकूशेठचं नाव देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर होतं, बाकड्यांच्या पाठींवर होतं, पाण्याच्या टाकीवर होतं आणि स्मशानातल्या शेडवरसुद्धा होतं. ते आता आपल्या मशीनवर बसणार, या विचारानेच मास्तरांच्या कानशिलांतून वाफ निघाली. "स्टेपर," ते म्हणाले. "मी स्टेपर लावणार. ठरलंय माझं." त्या क्षणापर्यंत काहीही ठरलेलं नव्हतं. पण त्या क्षणापासून मास्तर स्टेपरचे झाले ते कायमचे, आणि विचारणाऱ्याला तांत्रिक कारणं द्यायला लागले. मोठमोठे निर्णय असेच होत असतात, फक्त लोक कारणं मागाहून नीट लावून घेतात.

मशीन उभं राहिलं. त्यासाठी मास्तरांनी बाजारात किती हेलपाटे मारले, कोणता स्क्रू कोणत्या भोकात बसला नाही, आणि हौसाची पापडाची लाटणी कुठे गेली, हे सगळं सांगायला बसलो तर जत्रा निघून जाईल. पण वीज खात्याच्या माणसाचं सांगायलाच हवं. तो मीटर बघायला आला आणि पडवीतून मोटरींचा आवाज ऐकून थबकला.

"लूम किती?"

"एकपण नाही," मास्तर म्हणाले.

"मास्तर, शिक्षक माणूस तुम्ही. मोटर चालू हाय, म्हंजे लूम हाय."

"हे लाकूड कोरतं."

तो आत आला, मशीनला एक प्रदक्षिणा घातली, टेबलाखाली वाकून बघितलं. लूम तिथेही सापडला नाही. "आमच्याकडं घर, दुकान आनि कारखाना एवढंच हाय," तो खिन्नपणे म्हणाला. "हे कशात घालू?"

"चित्रकलेत घाला."

पुढे तीन वेळा मास्तरांना कार्यालयात बोलावणं आलं. लूम नसल्याचा दाखला आणा, असं त्यांना सांगण्यात आलं. भिवंडीत लूम असल्याचा दाखला मिळणं अवघड नाही, पण नसल्याचा देणारा माणूस शोधायचा कुठे? शेवटी नूर मोहम्मद स्वतः गेले आणि म्हणाले, "साहब, मी लूमवाला आहे, मी सांगतो, हा लूम नाही. यातून कपडा निघाला तर मी घेऊन जाईन." तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. पडवीवर डोळा असलेला माणूसच आपली पडवी वाचवायला धावतो, याने मास्तरांना भरून आलं. ते त्यांनी नूर मोहम्मदांना बोलूनही दाखवलं. नूर मोहम्मद म्हणाले, "सर्वो घेतली असती तर हे झालंच नसतं." या दोन गोष्टींचा काय संबंध, हे मास्तरांनी विचारलं नाही.

मशीन चालायला लागलं आणि नवीनच पंचाईत उभी राहिली. स्टेपर मोटर तापते. चालताना तापतेच, पण नुसती उभी असली तरी तापते, कारण उभी असतानाही ती आपली जागा घट्ट धरून असते. हा तिचा दोष नाही, तिची जातच तशी. पण लूमच्या गावात हे पटवणार कसं? इथे मोटर गरम म्हणजे मोटर जळणार, आणि मोटर जळणार म्हणजे आठवड्याचा धंदा बसला. इथला माणूस कुठल्याही कारखान्यात शिरला की आधी उलटा हात मोटरीला लावतो, मग नमस्कार करतो. मशीन बघायला आलेल्या प्रत्येकाने उलटा हात लावला आणि प्रत्येक जण "मास्तर, जळली!" असं ओरडला.

"तापू द्या तिला," मास्तर म्हणत. "ती जागा धरून उभी आहे."

"कायपन काम न करता तापते?" हौसाने विचारलं.

"हो."

"तुमच्या हेडमास्तरासारकी."

शेवटी मास्तरांनी सुंदर अक्षरात पाटी रंगवून लावली. 'मोटर तापते. तापू द्यावी. हात लावू नये.' ज्यांनी आधी हात लावला नव्हता, त्यांनीही मग खात्री करून घ्यायला लावला.

दाराला दोन पाखी होती, म्हणजे दोन झडपा. नक्षी मास्तरांनी स्वतः काढलेली. कडेने भाताच्या लोंब्या आणि खाडीतले मासे, खाली वेल, आणि वर मधोमध मोठा कलश. कलश दोन्ही पाख्यांवर अर्धा अर्धा, म्हणजे दार लावलं की नारळासकट पुरा होणार. लडकूशेठच्या तयार दारावर असला कलश आला असता का? मास्तर हे विचारत आणि उत्तराची वाट न बघता नाही म्हणत. पहिलं पाखं इतकं झकास उतरलं की हौसासुद्धा ते पदराने पुसून बघत उभी राहिली. लोंबीचा दाणा न दाणा सुटा दिसत होता.

दुसऱ्या पाख्यासाठी मास्तरांनी शुक्रवार धरला. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, त्यामुळे वीज स्थिर, आवाज कमी, सगळं कसं चोख. कॉम्प्युटर मध्येच बंद पडू नये म्हणून त्याला बॅटरीही जोडली होती. मास्तरांनी सगळ्याचा विचार केला होता. फक्त शुक्रवारी लूम बंद म्हणजे नूर मोहम्मद मोकळे, हा विचार त्यांना सुचला नाही.

नमाज पढून, अत्तर लावून, पांढऱ्या कपड्यांत नूर मोहम्मद कौतुकाने पडवीत आले. पाखं अर्ध्यावर आलं होतं. खालचा वेल संपत आला होता, आता कलशाकडे जायचं. तेवढ्यात हौसाने सिलिंडर उचलायला मास्तरांना आत हाक मारली. "नूरभाई, जरा लक्ष ठेवा," असं म्हणून मास्तर आत गेले. इतिहासात याहून घातक वाक्यं उच्चारली गेली असतील, पण टेमघरात नाहीत.

नूर मोहम्मदांनी लक्ष ठेवलं. आणि लक्ष ठेवायचं म्हणजे उलटा हात आलाच. चटका बसला. पाटी समोर होती, पण जन्मभराचा हात पाटी वाचत नाही. त्यांनी झटक्यात मोटरींचं बटण बंद केलं, दारातलं गोणपाट बादलीत बुचकळलं आणि तापलेल्या मोटरीवर टाकलं. चर्र आवाज आला.

मास्तर सिलिंडर तसाच सोडून धावले. "काय केलंत?"

"वाचवली!" नूर मोहम्मद घामाघूम होऊन म्हणाले. "दोन मिनट उशीर झाला असता तर गेली होती."

मास्तरांनी गोणपाट फेकलं, बटण चालू केलं, आणि मशीन पुन्हा चालायला लागलं. तिथेच खरं म्हणजे थांबायला हवं होतं. कारण मोटरी बंद असताना बॅटरीवरचा कॉम्प्युटर हुकूम सोडतच राहिला होता. मोटरींनी ते ऐकले नाहीत, आणि ऐकले नाहीत हे सांगितलंही नाही. पण मास्तर त्या वेळी "पाटी मराठीत होती की नाही?" या मुद्द्यावर आले होते आणि नूर मोहम्मद "मोटर को मराठी आती है क्या?" या मुद्द्यावर. दोघंही चाळीस वर्षांचे शेजारी. त्यामुळे मग १९८० सालची गटाराची भानगडही निघाली. ती मिटून हौसाने दोघांना चहा दिला, तोवर पाखं कोरून पूर्ण झालं होतं.

वेल जिथे तुटला होता तिथे मास्तरांनी पटाशीने हाताने जोडून घेतला. कोणाच्या बापाला कळलं नसतं. मग त्यांनी दोन्ही पाखी शेजारी शेजारी ठेवली. उजवीकडचा अर्धा कलश जिथे हवा तिथे होता. डावीकडचा अर्धा कलश दोन बोटं खाली उतरला होता. नारळाच्या दोन वाट्या एकमेकींवर रुसल्यासारख्या बसल्या होत्या.

हौसा आली, तिने फटीवर दोन बोटं ठेवून बघितली आणि पडवीची लांबी पावलांनी मोजत आत गेली. ती भांडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. नूर मोहम्मदांनी मान खाली घातली. "माझी चूक, मास्तर. माफ करा." मग त्यांच्याने राहवेना. "पण सर्वो असती तर थांबली असती."

"थांबली असती आणि अर्धं दार घेऊन मी बसलो असतो," मास्तर ताठ होऊन म्हणाले. "माझी स्टेपर थांबली नाही. शेवटपर्यंत गेली. वाकडी गेली, पण गेली."

जत्रा रविवारी. लाकूड संपलेलं. आणि मग मास्तरांना एक युक्ती सुचली. गावदेवीच्या जत्रेला पहाटे दार उघडलं की पालखी गावातून फिरून परत येईपर्यंत ते लावत नाहीत. देवी बाहेर गेलेली असताना तिच्या घराचं दार कोणी लावायचं? तेव्हा दार पहाटे उघड्या स्थितीतच बसवायचं. उघड्या दाराची पाखी दोन बाजूंना वेगळी असतात. पालखी परत येईपर्यंत तरी कलश कलशाला भेटायचा प्रश्नच नव्हता.

तसंच झालं. महादू सुताराने पहाटे दार बसवलं आणि दिवसभर टेमघर दाराच्या पाया पडलं. बायका लोंब्यांवरून हात फिरवत होत्या, मासे ओळखत होत्या. ही बोय, हा निवटा. "मास्तर, हात लावून बघावा असं काम!" लोक म्हणत. पण प्रत्येक शाबासकीबरोबर मास्तरांचा चेहरा उतरत होता. चुकलेल्या पोराने बापामागे लपावं तसे आपण देवीमागे लपलोय, असं त्यांना वाटत होतं. त्यात लडकूशेठ. पाखी टेम्पोतून देवळाकडे नेताना त्यांनी ती शेजारी शेजारी ठेवलेली बघितली होती.  दिवसभर ते जत्रेतली खाजा मिठाई खात मास्तरांसमोरून फिरत राहिले आणि दर वेळी म्हणाले, "संध्याकाळी बघू."

ऊन उतरता उतरता पालखी परत आली. देवी आत बसली. आता आरतीआधी एकदा दार लावायचं आणि मग उघडायचं, हा रिवाज. हे काम देवळात दिवा लावणाऱ्या म्हाताऱ्या आक्काचं. ती काठी टेकत निघाली, तसे लडकूशेठ पुढे सरकले. "थांबा, आक्का. सगळ्यांनी पुढं या. मास्तरांचा कलश बघू द्या गावाला." गाव पुढे आलं. हौसा बायकांत उभी होती. नूर मोहम्मद खाज्याच्या दुकानाजवळ उभे होते, ते चपला काढून पायरीपाशी आले.

मास्तरांना संताप आला.  लडकूशेठचा नाही, स्वतःचा. जे दार आपण कोरलं त्याच्यासमोर आपण सकाळपासून तोंड चुकवत फिरतोय? ते गर्दीतून वाट काढत पायऱ्या चढले, लडकूशेठना बाजूला केलं आणि दोन्ही पाखी स्वतःच्या हाताने ओढून घेतली.

कलश जुळला नाही. दोन बोटं वर, दोन बोटं खाली. सगळ्यांना दिसलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कोणीतरी.

"हसा," मास्तर वळून म्हणाले. "चुकलाय कलश. मला कालपरवापासून माहीत आहे आणि मी तो सकाळपासून लपवलाय, त्याची लाज वाटते. चुकल्याची वाटत नाही. मोटर मी निवडली. सगळा गाव सर्वो म्हणत होता, मी स्टेपर घेतली, आणि पुन्हा निवडायची वेळ आली तर पुन्हा स्टेपरच घेईन. जुळलेला कलश बाजारात मिळतो. लडकूशेठ उद्या ट्रकने आणतील. पण त्या दारावर आपल्या खाडीचा निवटा नसेल. कोणाला काढायचं असेल हे दार, तर आत्ता काढा. माझ्यासमोर काढा."

कोणी हललं नाही. लडकूशेठनी आजूबाजूला बघितलं, आता कोणीतरी पुढे येईल म्हणून. आक्का तेवढी पुढे आली. तिने कलशाकडे बघितलंच नाही. तिला मोतीबिंदू होता, दोन बोटं तिच्या हिशेबात नव्हती. तिने चाचपून कडी शोधली, कोयंड्यात घातली आणि ओढून बघितली. कडी बसली. तिने पुन्हा ओढून बघितली.

"दार लागतंय," आक्का म्हणाली. "जुनं लागत नव्हतं. रातचं कुत्रं शिरायचं आत." मग तिने कडी काढली, पाखी उघडली आणि आरतीचं तबक मागितलं. कोणीतरी घंटा वाजवली. हसणारे टाळ्या वाजवायला लागले, आणि त्या आरतीच्या होत्या की मास्तरांच्या हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आरती पुरी होईपर्यंत हौसाला धीर निघाला नाही. बायकांच्या घोळक्यातून तिने मान वर काढली आणि पायरीपाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्याला सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"नूरभाय, तुमची पोती दुसरीकडं कुठं बघा. पडवीत मशीन हाय."